वन्संच्या टेपवरची लाल खूण

माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि वन्संच्या उबवणीच्या खोलीची भिंत एकच आहे. लग्न ठरवताना घर दाखवलं, विहीर दाखवली, गच्ची दाखवली, भिंतीचं मात्र कुणी काही बोललं नाही. पहिल्याच आठवड्यात मी भांडी लावत होते आणि भिंतीतून अशी कर्कश शिट्टी सुरू झाली की हातातली ताटली सुटली. शिट्टी संपते न संपते तोच पत्र्यावर कुणी खडे ओतत असल्यासारखी खरखर सुरू झाली, ती पाच मिनिटं चालली. मी धावत पलीकडे गेले. माझ्या मोठ्या नणंदबाई एका टेपरेकॉर्डरसमोर डोळे मिटून बसल्या होत्या.

"लोड होतंय," त्या म्हणाल्या. "दार लावून घे."

ही आमची पहिली ओळख. त्यानंतर दर बावीस दिवसांनी, अंड्यांची नवी खेप लावायच्या दिवशी, ती शिट्टी आणि ती खरखर मी ऐकत आले. मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. शिट्टी सुरू झाली की लाटणं उचलायचं आणि भिंतीवर दोन ठोके द्यायचे. दोन ठोके म्हणजे आवाज कमी करा. बावीस वर्षांत वन्संनी तो एकदाही कमी केला नाही. "इतकाच लागतो. जरा कमी झाला की मशीन घेत नाही, जास्त झाला तरी घेत नाही," असं त्या दरवेळी सांगायच्या आणि मी ते निव्वळ हट्टाचं निमित्त समजायचे.

वन्सं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात दोऱ्या खुपसून त्यांनी अर्ध्या गावाला उरलेल्या अर्ध्या गावाशी जोडून दिलं. पुढे हाताने चालणारा बोर्ड बंद झाला आणि त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तेव्हा त्यांनी एका सहकाऱ्याकडून त्याच्या मुलांना कंटाळा आलेला घरगुती कॉम्प्युटर विकत घेतला. आजच्या मुलांना तो दाखवला तर विचारतात, हा तर नुसता कीबोर्ड आहे, कॉम्प्युटर कुठाय? तर तोच कॉम्प्युटर. सगळं यंत्र त्या बटणांच्या खाली. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि प्रोग्राम साठवायला गाण्यांची असते तीच साधी कॅसेट. वीज गेली किंवा पिन काढली की त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. मग पुन्हा कॅसेट लावायची, पुन्हा शिट्टी, पुन्हा पाच मिनिटं.

गल्लीतली मुलं गेम खेळायला मिळेल म्हणून यायची आणि तोंड पाडून परत जायची. वन्संच्या मशीनवर एकही गेम नव्हता. आधी त्यांनी त्यावर गावातल्या रक्तगटांची यादी केली. मग वाचनालयाच्या पुस्तकांची. विणकामाचे नमुने चौकोनांत मांडून द्यायच्या, बायका ते उतरवून घ्यायच्या. मग कधीतरी अंड्यांचं खूळ शिरलं. कपड्यांचं जुनं लाकडी कपाट, आत चार बल्ब, एक पंखा, पाण्याचं पसरट भांडं आणि अंडी फिरवायला एक छोटी मोटर. खेळाची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, जोडायला मशीनच्या कडेला जी खाच होती, तिथे त्यांनी वाटाण्याएवढ्या एका दाण्याच्या तारा जोडल्या. दाणा कपाटात लोंबतो, उष्णता मोजतो, मशीन ती वाचून मधल्या एका स्विचच्या पेटीतून बल्ब लावतं आणि विझवतं. प्रत्येक वेळी टक्‌ असा आवाज होतो. दार कुठे वारं खातं, वरचा कप्पा किती लवकर तापतो, हे सगळं वन्संनी वर्षानुवर्षं त्या प्रोग्राममध्ये घातलं. बाजारात आता तळहातावर मावेल असा डबा मिळतो, तेवढंच काम करतो. मी एकदा तसं बोलले, तर म्हणाल्या, "त्याला माझं कपाट कुठे माहितीये?"

आता गोष्टीवर येते. जे झालं त्यात माझा हात आहे, म्हणून मीच सांगायला हवं.

गेल्या वर्षी वन्संच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती त्यांनी पुढे ढकलली, कारण कपाटात आजोबांची अंडी होती. हे आजोबा आमच्या नात्यातले नव्हेत. ते ओढ्यापलीकडे राहतात आणि कोंबड्या पाळतात. पाळायचे, असं म्हणायला हवं. त्यांच्या बायकोने तीस वर्षं निवडून निवडून एक जात तयार केली होती, राखाडी अंगावर काळे ठिपके, मानेवर एकही नाही. ती बाई चार वर्षांपूर्वी गेली. आजोबांनी एकशेवीस अंडी आणून दिली आणि त्यानंतर आठव्या दिवशी कुत्र्यांनी जाळी फाडून खुराड्यातली एकूण एक कोंबडी मारली. जगात त्या जातीचं जे काही उरलं होतं ते आमच्या कपाटात होतं. आजोबा रोज जेवणाच्या वेळेला यायचे, कपाटासमोर स्टुलावर बसायचे आणि जायचे.

त्या दिवशी एकोणिसावा दिवस चालू होता. एकविसाव्याला पिल्लं बाहेर येतात.

आमचे हे स्वभावाने मदतीचे. घरातल्या निम्म्या मोडक्या वस्तू त्यांच्या मदतीनेच मोडल्या आहेत. वन्संच्या टीव्हीवरचं चित्र थरथरतंय, ताईच्या डोळ्यांना त्रास होतो, तर तो उघडून बघू, असं त्यांच्या मनात आलं. वन्सं माझ्याकडे चहाला बसल्या होत्या. यांनी भिंतीतली एक पिन ओढली. टीव्ही चालूच राहिला, चित्र मात्र गेलं आणि नुसते ठिपके नाचायला लागले. बिघाड वाढला असं समजून यांनी ती पिन होती तशी परत लावली, शेजारची ओढली, टीव्ही बंद झाला आणि तो उचलून पुढच्या खोलीत नेला. मशीनचा लाल दिवा पुन्हा लागला होता. बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटलं असतं. फक्त मशीनला आता अंडं म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

आणि मी वन्संना आणखी एका कपाला थांबवलं. ऑपरेशनला बरोबर कोण येणार यावर आम्ही दीड तास वाद घातला.

त्या परत गेल्या आणि दारातच थांबल्या.

"वहिनी," त्यांनी हाक मारली. आवाज चढला नव्हता. "टक्‌ ऐकू येत नाहीये."

मी कपाटाच्या काचेतून आतला थर्मामीटर वाचला. एकतीस. असायला हवं होतं साडेसदतीस. बल्ब काळे पडले होते, पंखा तेवढा गार हवा ढवळत होता. मी आकडा सांगितल्यावर वन्संनी ती पेटी हाताने शोधली. मग म्हणाल्या, "बल्बच्या तारा सोडव, मधल्या पेटीतून. सरळ प्लगला लाव. मी सांगते तशी."

लावल्या. बल्ब पेटले. तेहतीस, पस्तीस, सदतीस. मला हायसं वाटतंय तोच अडतीस झाले आणि पारा थांबायचं नाव घेईना. एकोणचाळीसला मी पिन ओढली. पिन काढल्यावरही तो थोडा चढलाच. मग जो उतरायला लागला तो भराभर.

"मी बसते इथे," मी म्हटलं. "दोन दिवस बसते. पिन लावेन, काढेन."

"थंडीने अंडं मरायला वेळ लागतो. उष्णतेने मरायला लागत नाही," वन्सं म्हणाल्या. "तुझा एक डोळा लागला की संपलं. मशीनच चालू करायला हवं."

एवढ्यात हे टीव्ही घेऊन आले. चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना सगळं समजलंय. "ताई, मी शहरातून तो नवा डबा आणू का?" त्यांनी विचारलं. मागवायला तीन दिवस लागतात हे त्यांनाच आठवलं. वन्सं त्यांना एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. त्यांनी टीव्ही जोडायला सांगितला आणि पारा वाचत पिन सांभाळायला कपाटाजवळ बसवलं.

मग त्यांनी कॅसेट लावली आणि आवाजाच्या चकतीवर बोट ठेवलं. ती चकती टेपरेकॉर्डरच्या कडेला आहे, निम्मी आत, निम्मी बाहेर. तिच्यावरचे आकडे कधीच झिजून गेलेत. वन्संनी चकती फिरवली, बोट चाचपडलं, पुन्हा फिरवली. उलट दिशेने पूर्ण फिरवून पाहिली.

"खूण लागत नाहीये," त्या म्हणाल्या.

"कसली खूण?"

"इथे लाल ठिपका आहे. नेलपॉलिशचा. एक चकतीवर, एक डब्यावर. दोन्ही समोरासमोर आले की आवाज बरोबर. जाड लावलाय, बोटाला लागतो." त्यांनी अंगठा, मग तर्जनी, मग करंगळीसुद्धा फिरवून पाहिली. "मला काहीच लागत नाही."

मी वाकून चकती पाहिली.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी वन्संनी माझ्याकडून नेलपॉलिशची बाटली मागून नेली होती. मला केवढा आनंद झाला होता. म्हटलं, बाईंना नटायची हौस आली एकदाची. बाटली परत आली नाही, त्यांच्या नखांवरही कधी दिसली नाही, आणि मी कितीतरी वर्षं त्यांना चिडवत आले, कुणासाठी नेलीत हो? त्या नुसत्या हसायच्या. आणि त्या दिवसाच्या दोनच दिवस आधी, त्यांना दिसत नाही, धूळ साचली असेल, म्हणून मी त्यांची खोली आवरली होती. टेपरेकॉर्डरवर लाल डाग होते. चिवट. स्पिरिटने निघेनात, म्हणून मी घरातून नेलपॉलिश पुसायचं औषध आणलं, कापूस भिजवला आणि चकती मागेपुढे फिरवून फिरवून घासून लख्ख केली. काम झाल्यावर स्वतःवर खूश झाले होते.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. अजून निभावेल, अंदाजाने जमेल, असं मनाला सांगत राहिले.

वन्संनी अंदाजाने आवाज ठेवला आणि कॅसेट चालू केली. शिट्टी आली, खरखर आली. मी पाच मिनिटं पडद्यासमोर उभी. शेवटी पडद्यावर चूक दाखवणारी एक ओळ आली. इकडे हे आकडे सांगत होते, छत्तीस, सदतीस, काढतो, अडतीस. वन्संनी कॅसेट मागे फिरवली, चकती किंचित हलवली, पुन्हा लावली. यावेळी मध्येच थांबलं. तिसऱ्या वेळी तर मशीनने शिट्टीच ओळखली नाही.

"टेप जुनी आहे," वन्सं म्हणाल्या. "दहा-बारा वेळा चालवली तर फितीवरचा थर सुटेल. दुसऱ्या बाजूची प्रत कधीच खराब झालीय."

तेवढ्यात आजोबा आले. त्यांच्या हातात जाळीचा एक तुकडा होता. वन्संना दाखवायला आणला होता, खुराड्याला नवी जाळी लावलीय, दुहेरी, आता कुत्रंच काय उंदीरही शिरणार नाही. वन्संनी त्यांना काही झाकून ठेवलं नाही. मशीन बंद पडलंय, अंडी दीड तास गार होती, आता चालू होत नाहीये, असं सरळ सांगितलं. आजोबांनी जाळीचा तुकडा खिशात घालायचा प्रयत्न केला. तो मावेना. मग तो तसाच हातात धरून ते स्टुलावर बसले.

वन्संनी पुन्हा चकतीवर बोट ठेवलं. या वेळी त्या कुणाशी बोलत नव्हत्या, स्वतःशीच बोलल्या. "डोळे गेले तेव्हा म्हटलं, बोटं आहेत. आता बोटंही गेली."

ते मला ऐकवेना.

"बोटांना काही झालेलं नाही, वन्सं," मी म्हटलं. "खूण मीच पुसली. परवा खोली आवरताना. डाग समजून घासून काढली. तुम्ही मघाशी विचारलंत तेव्हाच मला कळलं होतं. मी बोलले नाही."

हे कपाटाकडून वळून माझ्याकडे बघायला लागले. आजोबाही. मला वाटलं, आता बावीस वर्षांचं सगळं एकदम ऐकावं लागणार, आणि ऐकायची माझी तयारीही होती. वन्संनी चेहरा माझ्या दिशेने वळवला. मग त्यांनी बोटांची टोकं एकमेकांवर घासली, जणू ती जागेवर आहेत याची खात्री करून घेतली.

"तू पारा बघ रे, इकडे काय बघतोस," त्या भावाला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "लाटणं कुठाय तुझं?"

"काय?"

"बावीस वर्षं त्या भिंतीमागे उभी राहून आवाज फार आहे म्हणून ठोकतेस. आवाज किती फार असतो ते तुझ्याइतकं कुणाला माहितीये? मी इथे यंत्राला चिकटून बसते, मला आवाजापेक्षा खुणेची सवय. जा तिकडे. मी नुसती शिट्टी लावते. कमी वाटला तर एक ठोका, जास्त वाटला तर दोन. नेहमीसारखा झाला की तीन."

मी स्वयंपाकघरात गेले. खिडकी लावली. नळ ठिबकत होता, त्याखाली फडकं ठेवलं. नेहमी उभी राहते तिथे, ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहिले आणि लाटणं हातात घेतलं.

शिट्टी आली. लांबून आल्यासारखी. एक ठोका. चढली. अजून एक ठोका. आता जवळ आली, पण यात मला चीड येत नव्हती. एवढ्या आवाजात मी भाजी चिरत राहिले असते. एक ठोका. चढली आणि कानात घुसली. फार. दोन ठोके. उतरली. दोन की एक? मी डोळे मिटले. नेहमी ही शिट्टी आली की काय होतं? पाठीमागच्या फळीवरची स्टीलची झाकणं बारीक झिणझिणतात. त्या झिणझिणीनेच माझं डोकं उठतं. झाकणं गप्प होती. मी एक ठोका दिला, अगदी हलका. शिट्टी केसभर चढली आणि फळीवर ती ओळखीची झिणझिण सुरू झाली. मला नेहमीसारखा राग आला. इतका राग आला की रडूच आलं. मी तीन ठोके दिले.

शिट्टी थांबली. कॅसेट मागे फिरल्याचा आवाज आला. मग पहिल्यापासून सुरू झाली. मी तिथेच उभी राहिले. पलीकडे जायचं धैर्य नव्हतं. पूर्ण पाच मिनिटं ती खरखर मी भिंतीला तळहात लावून ऐकली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा ती मध्येच थांबू नये असं वाटलं.

संपली. शांतता. मग पलीकडून काहीच नाही. मी मनात आकडे मोजायला लागले. बत्तीसपर्यंत आले होते तेव्हा भिंतीतून आवाज आला.

टक्‌.

मी गेले तेव्हा वन्संनी बल्बच्या तारा पुन्हा पेटीला जोडून घेतल्या होत्या आणि त्या टीव्हीच्या पडद्याला नाक लावून आकडा वाचायचा प्रयत्न करत होत्या. मी वाचून दाखवला. सदतीस पॉइंट तीन. मग सदतीस पॉइंट चार. टक्‌. चकतीला कुणी हात लावण्याआधी मी घरून नवी बाटली आणली आणि दोन जाड ठिपके दिले. वाळल्यावर वन्संनी त्यावर बोट ठेवलं आणि मान डोलावली. "बाटली परत घेऊन जा हो," त्या म्हणाल्या. "मागची अजून माझ्याचकडे आहे."

आजोबांनी जाताना एकच विचारलं. "जगतील?"

"गार झाली होती, तापलीही होती," वन्सं म्हणाल्या. "मी खोटं सांगणार नाही. परवा कळेल."

ते दोन दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. हे त्या खोलीच्या दारापाशीही फिरकले नाहीत. मी स्वयंपाक करता करता दर थोड्या वेळाने हात थांबवून टक्‌ ऐकायचे. विसाव्या दिवशी पिल्लं कवचाच्या आत बोलायला लागतात, ती बोलली नाहीत. संध्याकाळी वन्संनी एकेक अंडं कानाला लावलं. एक्स्चेंजमध्ये तारेच्या टोकाचा श्वास ओळखणारा कान त्यांचा. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी कढई घासत होते. भिंतीवर ठोका पडला. मला वाटलं पलीकडे काही पडलं. मग दुसरा. आणि तिसरा. वन्संनी बावीस वर्षांत कधी त्या बाजूने भिंत ठोकली नव्हती.

मी ओल्या हातांनीच धावले. आजोबा कपाटासमोर गुडघ्यांवर बसले होते. ट्रेवर एका अंड्याला भोक पडलं होतं आणि दुसऱ्यातून एक ओलं, राखाडी, जेमतेम उभं राहणारं काहीतरी बाहेर येऊन धडपडत होतं. अंगावर काळे ठिपके होते. मान कोरी. दुपारपर्यंत त्र्याहत्तर झाली. उरलेली सत्तेचाळीस झाली नाहीत, आणि ती का झाली नाहीत हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

पहिलं पिल्लू वाळल्यावर आजोबांनी उचललं आणि वन्संच्या तळहातावर ठेवलं. दिसत तर नव्हतंच, म्हणून त्यांनी ते कानाशी नेलं. एवढासा जीव, पण ओरडणं असं की खोली भरून गेली. वन्सं बराच वेळ ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे चेहरा वळवून म्हणाल्या, "कसाय आवाज?"

"बरोबर आहे, वन्सं," मी म्हटलं. "इतकाच लागतो."